बालरोग आणि भूलशास्त्र, दोन्ही: अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या कंबाइन्ड रेसिडेन्सीची तयारी

अमेरिकेत बालरोगाची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं विशेष प्रशिक्षण, ३ वर्षांची आणि भूलशास्त्राची ४ वर्षांची. दोन्हींची बेरीज ७, आणि दोन्ही एकत्र शिकवणारा कंबाइन्ड प्रोग्रॅम ५ वर्षांत संपतो, म्हणजे दोन वर्षं वाचली, असा हिशेब सगळीकडे ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. भूलशास्त्राच्या ४ वर्षांपैकी पहिलं वर्ष हे इंटर्नशिपसारखं सर्वसाधारण क्लिनिकल वर्ष असतं आणि आधी बालरोग केलेल्या डॉक्टरला ते बहुधा पुन्हा करावं लागत नाही. त्यामुळे आधी बालरोग, मग भूलशास्त्र असं ओळीने केलं तरी साधारण ६ वर्षं होतात. बचत एका वर्षाची. एवढ्याच कारणासाठी या वाटेला जाण्यात अर्थ नाही. जावं ते दोन्ही कामं मनापासून हवी असतील तरच. हा लेख महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांत शिकणाऱ्या, यूएसएमएलई या अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींसाठी आहे, आणि अमेरिकेत वाढून तिथल्याच मेडिकल स्कूलमध्ये गेलेल्या मराठी घरांतल्या मुलांसाठीही.

आधी ठरवा: दोन्ही का?

तीन किलोच्या नवजात बाळाला दर किलोमागे मिनिटाला ६ ते ८ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, मोठ्या माणसाला ३ ते ४. बाळाच्या फुप्फुसांत साठा मात्र तुटपुंजा. त्यामुळे भूल देताना श्वास थांबला की मोठ्या माणसात जी उसंत मिळते ती इथे मिळत नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बघता बघता कोसळतं. हे भूलतज्ज्ञाला ठाऊक असतंच. पण तेच बाळ अठ्ठावीस आठवड्यांचं जन्मलेलं असेल, दोन महिने एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काढून घरी गेलं असेल आणि आता हर्नियाच्या ऑपरेशनला आलं असेल, तर त्याचा आधीचा सगळा प्रवास वाचता यावा लागतो. अशा बाळांचा श्वास ऑपरेशननंतर काही तासांनीही अधूनमधून थांबू शकतो. म्हणून गर्भधारणेपासून मोजलेलं वय साधारण ६० आठवड्यांच्या आत असेल तर ऑपरेशन किरकोळ असूनही त्यांना रात्रभर मॉनिटरवर ठेवण्याची पद्धत आहे. आईला हे समजावून सांगणं, बाळाला आज घरी सोडायचं की नाही हे ठरवणं, ऑपरेशन पंधरा दिवस पुढे ढकलल्याने काय साधेल याचा अंदाज घेणं: यात बालरोग कुठे संपतो आणि भूलशास्त्र कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही.

आणि आता अशी मुलं वाढत आहेत. जन्मजात हृदयदोषावर तीन टप्प्यांची ऑपरेशनं झालेली, घरी व्हेंटिलेटरवर असलेली, दुर्मीळ चयापचयाचे आजार असलेली, कॅन्सरच्या उपचारात दर काही आठवड्यांनी कमरेतून पाणी काढून घेणारी. त्यांची गाठ वॉर्ड, आयसीयू आणि ऑपरेशन थिएटर या तिन्ही ठिकाणी पडत राहते. त्यांना तिन्हीकडे ओळखणारा एक डॉक्टर असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि मला या प्रशिक्षणाचं खरं मोल तिथेच दिसतं.

या दोन शाखांचं नातं जुनं आहे. १९३८ मध्ये बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात रॉबर्ट ग्रॉस यांनी एका लहान मुलीच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली नलिका बांधली. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचं युग तिथून सुरू झालं असं मानतात. त्या दिवशी भूल दिली होती बेटी लँक या नर्सने. पुढे १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलात अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पीआयसीयूंपैकी (मुलांच्या अतिदक्षता विभागांपैकी) एक उभा राहिला, तो जॉन डाउन्स यांनी उभारला आणि ते भूलतज्ज्ञ होते. मुलांच्या अतिदक्षतेची पायाभरणी भूलतज्ज्ञांच्या हातून झाली, नंतर बालरोगाने ते क्षेत्र आपलं केलं. अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्स आणि अमेरिकन बोर्ड ऑफ अ‍ॅनेस्थेशियॉलॉजी यांनी मिळून कंबाइन्ड प्रशिक्षणाची आखणी केली. तिच्या पहिल्या तुकड्या २०११ च्या आसपास सुरू झाल्या. म्हणजे ही वाट अजून तरुण आहे.

स्वतःला तपासण्यासाठी बालरोगाच्या ओपीडीत एक अख्खी दुपार बसा. लसीकरण, वाढीचा तक्ता, बोलायला उशीर लागलेलं मूल, शाळेत लक्ष लागत नाही म्हणून आणलेला मुलगा. यात जीव रमतो का? मग थिएटरमध्ये एक दिवस काढा, तोही मोठ्या माणसांच्या यादीचा. सत्तरीतले आजोबा, मधुमेह, दोन स्टेंट, खुब्याचं ऑपरेशन. यातही रमतो का? एकीत रमत असाल आणि दुसरी शाखा निव्वळ शिडी म्हणून चालवून घेणार असाल तर कंबाइन्ड घेऊ नका. पाच वर्षं ती शिडी रोज चढावी लागते.

मग वर्षं मोजा

समजा, तुम्हाला फक्त मुलांना भूल द्यायची आहे. मग भूलशास्त्राची ४ वर्षं आणि पीडियाट्रिक अ‍ॅनेस्थेशियाची १ वर्षाची फेलोशिप, म्हणजे रेसिडेन्सीनंतरचं उपशाखेचं प्रशिक्षण: ५ वर्षांत तुम्ही पूर्ण तयार. कंबाइन्ड केलंत तरी ५ वर्षांनंतर ही फेलोशिप उरतेच. दोन्ही विषय शिकलात म्हणून मुलांच्या भूलशास्त्राचं उपशाखा प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. म्हणजे ६ वर्षं. ही गोष्ट मी शक्य तितक्या ठळकपणे सांगतो, कारण मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांनाही ती कधी कधी माहीत नसते.

फक्त पीआयसीयूत काम करायचं असेल तर बालरोगाची ३ आणि पीडियाट्रिक क्रिटिकल केअरची ३, एकूण ६. कंबाइन्डनंतर तीच ३ वर्षांची फेलोशिप घेतली तर बेरीज ८ वर जाते.

मग कंबाइन्ड कुणासाठी? ज्यांना आठवड्यातले काही दिवस थिएटर आणि काही दिवस पीआयसीयू, वॉर्ड, वेदनाशमन किंवा पॅलिएटिव्ह केअर हवं आहे. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची भूल आणि त्यानंतरची अतिदक्षता दोन्ही हवं असणारे. ऑपरेशनपूर्व तपासणीची ओपीडी, गुंतागुंतीच्या मुलांची सेडेशन सेवा, दीर्घकाळ दुखणाऱ्या मुलांसाठीचं पेन क्लिनिक उभं करू पाहणारे. संशोधनाकडे ओढा असलेलेही. पैशाचंही उघड बोलू: अमेरिकेत बालरोगतज्ज्ञाचा पगार भूलतज्ज्ञापेक्षा बराच कमी असतो. कंबाइन्ड डॉक्टरची मिळकत तो आठवडा कुठे घालवतो यावर ठरते.

पाच वर्षांत काय घडतं

बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष जवळजवळ सगळं बालरोगाचं असतं आणि दुसरं भूलशास्त्राचं. तिसऱ्यापासून दोन्ही आलटून पालटून येतात. कुठे काही महिन्यांचे तुकडे, कुठे त्याहून मोठे टप्पे.

सर्वांत अवघड असतं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षाअखेरीस वॉर्डवर हात बसलेला असतो, नर्स विश्वास टाकू लागतात, आणि जुलैमध्ये तुम्ही पुन्हा नवशिके होता. मशीन तपासणं, औषधं भरून सिरिंजांवर लेबल लावणं, मास्क नीट धरणं, ट्यूब टाकणं, आर्टेरियल लाइन लावणं. सगळं पहिल्यापासून. तिकडे बालरोगाचे तुमचे सोबती सीनियर होऊन वॉर्ड चालवत असतात. तिसऱ्या वर्षी वॉर्डवर परतता तेव्हा तुमच्याकडून सीनियरपणाची अपेक्षा असते आणि मधल्या वर्षात अँटिबायोटिकचे डोस, कावीळीचे तक्ते, ताप आलेल्या दोन महिन्यांच्या बाळाची तपासणी हे सगळं थोडं पुसट झालेलं असतं. यावर उपाय एकच: भूलशास्त्राच्या वर्षात बालरोगाची ओपीडी सुटू देऊ नका आणि आठवड्यातून थोडं तरी बालरोगाचं वाचन ठेवा. बालरोगाच्या प्रशिक्षणात रेसिडेंटला स्वतःचे नेमलेले रुग्ण वर्षानुवर्षं बघायचे असतात. ती ओपीडी तुम्हाला त्या विषयाशी बांधून ठेवते.

आणखी एक गोष्ट लोक गृहीत धरत नाहीत. भूलशास्त्राचं प्रशिक्षण मुख्यतः मोठ्यांचं आहे. रेसिडेंटला नॉर्मल प्रसूतीच्या किमान ४० आणि सिझेरियनच्या किमान २० रुग्णांना सांभाळावं लागतं, हृदयशस्त्रक्रियेच्या २० केस कराव्या लागतात. कंबाइन्डवाल्यांनाही यातून सूट नाही. लेबर रूममध्ये रात्री तीन वाजता एपिड्युरल देणं हा तुमच्या रोजच्या कामाचा भाग असेल. मला हे योग्यच वाटतं, कारण मोठ्यांच्या केसेसमध्ये हात जितका तयार होतो तितका तो चार किलोच्या बाळाजवळ स्थिर राहतो.

कामाचे तास इतर रेसिडेंटांसारखेच: चार आठवड्यांची सरासरी काढून आठवड्याला जास्तीत जास्त ८० तास, आणि सरासरी सात दिवसांत एक दिवस मोकळा. कागदावर हे दोन्ही विभागांना मिळून लागू असतं. ते प्रत्यक्षात कोण मोजतं, हे आधी विचारून घ्या.

प्रोग्रॅम निवडताना

प्रोग्रॅम मोजकेच आहेत. बोस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स, कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड ही त्यांतली नावाजलेली ठिकाणं. एकेका ठिकाणी वर्षाला एक-दोन, फार तर तीन जागा. यादी दरवर्षी थोडी बदलते, म्हणून ती अर्जाच्या वर्षीच दोन्ही बोर्डांच्या आणि प्रोग्रॅमच्या संकेतस्थळांवरून ताजी करून घ्या.

मुलाखतीत नाव आणि मानांकन यापेक्षा मला पुढच्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. दोन विभागांत बोलणारा एक माणूस आहे का, की दोन संचालक एकमेकांना फक्त ईमेल करतात? मुलांचं आणि मोठ्यांचं हॉस्पिटल वेगळं असेल तर कॉलचं वेळापत्रक कोण जुळवतं? एका विभागात नाइट संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या विभागात हजर व्हावं लागतं का? आतापर्यंत बाहेर पडलेले रेसिडेंट काय करतात: दोन्ही करतात की सगळे शेवटी थिएटरमध्येच गेले? मधेच कुणाला एकच शाखा हवी झाली तर तिथे सामावून घेतलं जातं का? शेवटचे दोन प्रश्न रेसिडेंटांना एकट्यात विचारा. त्यांच्या उत्तरांतून प्रोग्रॅमचं खरं रूप कळतं.

अर्ज

भारतातल्या एमबीबीएस पदवीधराला आधी ईसीएफएमजी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी यूएसएमएलई स्टेप वन आणि स्टेप टू सीके उत्तीर्ण हवी, शिवाय ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि क्लिनिकल कौशल्याची पूर्तता दाखवणारा ईसीएफएमजीचा एक मार्ग. तुमचं कॉलेज मान्यताप्राप्त यंत्रणेखाली आहे का हाही मुद्दा असतो. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशनची मान्यता मिळाल्याने ती काळजी बरीच मिटली. स्टेप वनचे गुण २६ जानेवारी २०२२ पासून दिले जात नाहीत, फक्त पास किंवा नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप टू सीकेच्या गुणांवर आला आहे. ही परीक्षा इंटर्नशिपच्या धावपळीत घाईघाईने उरकू नका.

शिकत असतानाच अमेरिकेत इलेक्टिव्ह (आवडीच्या विभागातली पोस्टिंग) करता आली तर करा. पदवीनंतर बहुधा ऑब्झर्व्हरशिपच मिळते. तिथे रुग्णाला हात लावता येत नाही, आणि नुसतं उभं राहून पाहणाऱ्याबद्दल पत्र लिहिणाऱ्यालाही फारसं काही लिहिता येत नाही. इकडे इंटर्नशिपमध्ये बालरोग आणि भूलशास्त्र या पोस्टिंग मन लावून करा. सरकारी हॉस्पिटलातल्या इंटर्नला जितकी मुलं बघायला मिळतात तितकी अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला क्वचितच मिळतात. एनआयसीयूत रात्र काढली असेल, तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ नसल्याने मुलाला रेफर करावं लागताना पाहिलं असेल, तर तेच तुमच्या अर्जासोबतच्या निवेदनाचं बीज आहे.

शिफारसपत्रं एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पाठवता येतात. त्यांत बालरोगाचं किमान एक आणि भूलशास्त्राचं किमान एक हवंच. दोन्ही शाखांत तुम्हाला पाहिलेला पीआयसीयूचा डॉक्टर मिळाला तर फारच उत्तम. निवेदन कंबाइन्डसाठी स्वतंत्र लिहा. फक्त भूलशास्त्रासाठी लिहिलेल्या निवेदनात एक परिच्छेद घुसवला तर तो वाचणाऱ्याला लगेच कळतो. निवेदनात एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: एकच शाखा घेतली तर तुमच्या कोणत्या रुग्णासाठी काय अपुरं राहील? मुलांची आवड आहे आणि हाताने काम करायला आवडतं, हे सगळेच लिहितात.

अर्ज ईआरएएस या ऑनलाइन अर्जप्रणालीवरून सप्टेंबरमध्ये भरायचा. मुलाखती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. प्रोग्रॅमांचा पसंतीक्रम मार्चच्या सुरुवातीपर्यंत द्यायचा आणि मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या जुळणीचा, निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी. जागा इतक्या थोड्या असताना फक्त कंबाइन्डवर अर्ज टाकणं धोक्याचं आहे, विशेषतः परदेशी पदवीधराला. सोबत नुसत्या बालरोगाचे किंवा नुसत्या भूलशास्त्राचे अर्जही भरा. कोणते, हे मघाच्या वर्षांच्या हिशेबातून ठरवा: एकच हातात राहिली तर कोणत्या शाखेत तुम्ही आयुष्य काढाल?

पसंतीक्रम लावताना डावपेच करू नका. कंबाइन्ड सगळ्यात जास्त हवं असेल तर ते वर ठेवा, जागा मिळण्याची शक्यता कितीही कमी वाटो. मॅचची गणनपद्धती उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. वरच्या जागेवर नाव नाही लागलं म्हणून खालच्या जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. १९९८ पासून वापरात असलेली ही पद्धत अल्विन रॉथ आणि इलियट पेरन्सन यांनी तयार केली. अशाच जुळणीच्या अभ्यासासाठी रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नियम विश्वासार्ह आहे, तुम्ही मनातला खरा क्रम लिहा.

व्हिसाचं गणित

इथे वर्षांची बेरीज पुन्हा समोर येते. बहुतेक परदेशी रेसिडेंट जे-वन या देवाणघेवाणीच्या व्हिसावर येतात. त्यावर प्रशिक्षणाची सर्वसाधारण मर्यादा ७ वर्षांची. कंबाइन्ड ५ आणि पीडियाट्रिक अ‍ॅनेस्थेशियाचं १, एकूण ६: बसतं. कंबाइन्ड ५ आणि क्रिटिकल केअर ३, एकूण ८: त्यात बसत नाही. पीआयसीयूचं ध्येय असलेल्या भारतीय उमेदवाराने हे पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर ठेवावं आणि प्रोग्रॅमशी स्पष्ट बोलावं.

जे-वनसाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाकडून ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ हे गरज नमूद करणारं पत्र आणावं लागतं. त्यासाठीचे कागद मॅचच्या आधीच जमवायला घ्या, निकालानंतर हाती वेळ थोडा असतो. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती टाळायची तर डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करून सवलत मिळवता येते. दर राज्याला वर्षाला अशा ३० जागा असतात. बालरोग आणि भूल दोन्ही करणाऱ्याला अशा भागात मागणी असते, पण तिथे मुलांची मोठी हॉस्पिटलं क्वचितच असतात. म्हणजे जे शिकलात त्यातलं थोडंच त्या तीन वर्षांत वापरायला मिळेल.

एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर यूएसएमएलईची स्टेप थ्री आधी पास लागते आणि या व्हिसाची एकूण मर्यादा ६ वर्षांची. कंबाइन्ड आणि एक फेलोशिप एवढ्यात ती पूर्ण संपते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झाल्यापासून हॉस्पिटलं हा पर्याय द्यायला आणखी कचरतात. जे-वन की एच-वन, हे प्रत्येक प्रोग्रॅमला अर्जापूर्वी विचारा.

भारतात परत येण्याचा विचार असेल तर हे लक्षात घ्या की इकडे बालरोगाची आणि भूलशास्त्राची एमडी प्रत्येकी तीन वर्षांची, वेगवेगळी. दोन्ही पदव्या असलेल्या माणसासाठी आपल्या हॉस्पिटलांत तयार पद नसतं. परळच्या वाडिया हॉस्पिटलसारखी मुलांसाठीची मोठी हॉस्पिटलं आहेत, तिथे दोन्ही कामांना वाव आहे. पण पद कोणत्या विभागात, हे आधी बोलूनच ठरवावं लागतं.

शेवटच्या वर्षात

परीक्षा दुप्पट असतात. भूलशास्त्राची बेसिक परीक्षा रेसिडेन्सीतच द्यायची, मग अ‍ॅडव्हान्स्ड, मग तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी अप्लाइड. शिवाय बालरोगाची बोर्ड परीक्षा. एका उन्हाळ्यात दोन मोठ्या परीक्षा येणार नाहीत असं वेळापत्रक चौथ्या वर्षीच आखून दोन्ही बोर्डांकडून पात्रतेच्या तारखा लेखी मागवून घ्या. फेलोशिपचे अर्ज, लग्न, बाळंतपण, भारतातली सुट्टी, सगळं याच वर्षांत येऊन पडतं. दोन बोर्डांचे रजेचे नियम वेगळे आहेत; कुठल्याही मोठ्या रजेआधी दोन्हीकडून विचारून घ्या, नाहीतर एका शाखेचे महिने भरतात आणि दुसरीचे कमी पडतात.

नोकरीचा करार करताना तुमचा पगार कोणता विभाग देणार, आठवड्यातले किती दिवस कुठे, कॉल एका विभागाचे की दोन्हीचे, आणि गैरउपचार दाव्यांचा विमा थिएटर आणि वॉर्ड दोन्हीकडच्या कामाला लागू आहे का, हे चारही मुद्दे करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेले वॉर्डचे दिवस भूलतज्ज्ञांची टंचाई आली की सर्वांत आधी कापले जातात. दोन-तीन वर्षं वॉर्ड सुटला की बालरोगाची सवय आणि हॉस्पिटलात ते काम करण्याची परवानगी दोन्ही जातात, म्हणून त्या दिवसांची किमान संख्या करारात आकड्यातच हवी.